भरतीच्या गणितावर उभे राहिलेले बंदर

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यापासून सर्वांत जवळचा समुद्रही शेकडो किलोमीटर दूर आहे. फुहाऱ्याभोवतीचा बाजार, सराफ्याची वर्दळ, शेजारी १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारे कमानिया गेट. या गर्दीत समुद्राची आठवण यावी असे काही नाही. तरीही या शहरात समुद्राचे एक मोजमाप रोज हजारो लोकांच्या नजरेसमोर असते. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जबलपूरची उंची चारशे मीटरहून थोडी अधिक आहे. पण ही ‘सपाटी’ ठरवली कुणी? समुद्र तर क्षणभरही एका पातळीवर थांबत नाही.

ती ठरवली बंदरांनी. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली देशभरच्या उंचीची जी एकसंध मांडणी पूर्ण केली, तिचा पाया होता नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्या नऊंमध्ये मुंबईचे अपोलो बंदर होते. तिथली नोंद १८७८पासूनची, आशिया खंडातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या तळाखाली किती पाणी असेल हे सांगण्यासाठी जे निरीक्षण लागते, त्याच निरीक्षणातून साऱ्या देशाच्या डोंगरांना आणि शहरांना उंची मिळाली.

बंदर म्हटले की आपल्याला धक्का, क्रेन आणि जहाजे दिसतात. पण जहाज एखाद्या बंदरात पुन्हा पुन्हा येते ते तिथे मिळणाऱ्या सेवांसाठी. आत शिरण्याची खात्रीची वेळ, वाट दाखवणारा माणूस आणि दिवा, पिण्याचे पाणी, दुरुस्तीची जागा, अचूक घड्याळ, रोग आणि आग यांपासून संरक्षण. छोट्या उष्ण कटिबंधीय बेटावर या प्रत्येक सेवेची कसोटी लागते, कारण तिथे हाताशी फारसे काही नसते. लाकूड बाहेरून आणायचे, पाणी मोजून वापरायचे, आणि उबदार समुद्रातले जीव जहाजाचा तळ पोखरत असताना ते जहाज पुन्हा सागरात पाठवायचे. असे बेट-बंदर आपल्या अगदी परिचयाचे आहे. त्याचे नाव मुंबई.

भाडे दहा पौंड

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबईची बेटे ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. भाड्याच्या आकड्यावरूनच बेटांची तेव्हाची किंमत कळते. दलदल, खाड्या, नारळाची झाडे, कोळ्यांची आणि आगऱ्यांची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध होईपर्यंत शेजारच्या साष्टी बेटाकडे जायलाही पाणी ओलांडावे लागे. निसर्गाने मात्र या बेटांना एक मोठी देणगी दिली होती. पूर्वेला, बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटांपासून आडोसा असलेले खोल, रुंद पाणी होते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात सुरक्षित राहील असा मोठा आडोसा दुर्मीळ आहे.

आडोसा मिळाला म्हणजे बंदर मिळाले असे होत नाही, हे आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. जबलपूरच्या ग्वारीघाटावरून आणि भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांतून वाहणारी नर्मदा जिथे खंबातच्या आखाताला मिळते, तिथले भरुच हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत या मुखाचे वर्णन आहे. भरतीचा लोंढा तिथे इतका जोरात येई की अनोळखी जहाज वाळूत रुतून उलटे. म्हणून राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजे ताब्यात घेत आणि भरतीच्या वेळा साधत ती टप्प्याटप्प्याने ओढून बंदरात आणत. आजच्या बंदरातला पायलट हेच काम करतो. कप्तान कितीही अनुभवी असला, तरी बंदराच्या तोंडाशी स्थानिक पायलट जहाजावर चढल्याशिवाय मोठे जहाज आत घेतले जात नाही. नर्मदेच्या मुखावरची ही नोंद जगातल्या पायलट सेवेच्या अगदी जुन्या लिखित नोंदींपैकी आहे, आणि ती सेवा कोळ्यांच्या ज्ञानावर उभी होती.

तिथीची पाऊणपट

ते ज्ञान कसले होते? कोकणात आणि मुंबईत आजही एक साधा हिशेब सांगितला जातो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास येते, आणि पुढे रोज ती सुमारे पाऊण तास उशिरा येत जाते, म्हणून हा हिशेब जुळतो.

यामागचे विज्ञान चंद्राच्या चालीत आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे चंद्र पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात. त्या अवधीत दोन भरत्या होतात, म्हणजे दर १२ तास २५ मिनिटांनी एक. सूर्यही समुद्राला ओढतो, पण त्याचा ठेका नेमका बारा तासांचा. हे दोन ठेके कधी जुळतात, कधी एकमेकांना छेद देतात. अमावास्या-पौर्णिमेला ते जुळले की उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास विसंगत झाले की भांग. मुंबई बंदरात उधाणाची सरासरी भरती नकाशातल्या आधारपातळीपेक्षा ४.४२ मीटर वर जाते आणि उधाणाचीच ओहोटी ०.७६ मीटरवर उतरते. साडेतीन मीटरांहून अधिक पाण्याचा हा चढ-उतार. भांगाला हाच फरक दीड मीटरपेक्षाही कमी राहतो. चेन्नईला तर उधाणालाही तो सुमारे एक मीटरच असतो.

तिथीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक मचव्याला चालते. वाफेच्या मोठ्या जहाजाला ती चालत नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आणि कललेली आहे, सूर्याचे अंतरही वर्षभर बदलते, आणि किनाऱ्याचा आकार लाटेला वळवतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी या गुंत्याची उकल एका सुंदर कल्पनेने केली. कोणत्याही बंदरातली भरती ही अनेक साध्या, नियमित लहरींची बेरीज आहे. प्रत्येक लहरीचा काळ खगोलशास्त्र ठरवते, आणि तिची उंची व वेळ त्या बंदरातल्या प्रत्यक्ष नोंदी ठरवतात. एकदा हे आकडे मिळाले की पुढच्या वर्षांची भरती आजच मांडता येते.

ही बेरीज हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. म्हणून १८७९मध्ये लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार खास भारतातल्या बंदरांसाठी एक यंत्र बांधले गेले. त्यातल्या प्रत्येक कप्पीला एकेका लहरीची गती दिलेली होती, सुरुवातीला अशा वीस लहरी. सर्व कप्प्यांवरून एकच तार फिरे आणि तिच्या टोकाची लेखणी कागदावर वर्षभराची भरती रेखाटत जाई. सर्वेक्षण विभागाचे ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी भारतीय किनाऱ्यावर गोळा केलेल्या नोंदी अशा कामाचा कच्चा माल होत्या. आजचे संगणकही मुळात हीच बेरीज करतात, आणि भारतीय बंदरांची भरतीची कोष्टके सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. बंदराच्या सेवांमध्ये ही सेवा डोळ्यांना दिसत नाही, पण बाकीच्या बहुतेक सेवा तिच्यावर टेकलेल्या आहेत.

सुकी गोदी आणि सागवान

उष्ण समुद्रात लाकडी जहाजाचे आयुष्य तळाशी ठरते. शंखशिंपले आणि शेवाळ चिकटून जहाजाचा वेग घटतो, आणि टेरेडो नावाचा जीव लाकूड आतून पोखरतो. टेरेडो दिसतो किड्यासारखा, पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. त्याच्या तोंडाशी असलेले छोटे शिंपले कानशीसारखे लाकूड खरवडतात. पाणी जितके उबदार तितकी त्याची वाढ झपाट्याची. म्हणून उष्ण प्रदेशातल्या बंदराला जहाज पाण्याबाहेर काढून तळ साफ करण्याची सोय हवीच. छोटी गलबते उधाणाला वाळूवर चढवायची, ओहोटीत तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि तेल भरायचे, चुना-तेलाचा लेप द्यायचा आणि पुढच्या उधाणाला पाण्यात ढकलायचे, ही कोकणची जुनी रीत. शेकडो टनांच्या जहाजाला ती पुरत नाही.

१७३६च्या सुमारास सुरतेचे सुतार लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि १७५०मध्ये इथे आशियातली पहिली सुकी गोदी तयार झाली. सुक्या गोदीचे तत्त्व सोपे आहे. किनाऱ्यात दगडी हौद खणायचा. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे. ओहोटीबरोबर पाणी आपोआप बाहेर जाऊ द्यायचे, मग दारे लावून उरलेले पाणी उपसायचे. साडेतीन मीटरांचा चढ-उतार असलेल्या मुंबईत पाणी उपसण्याचे बरेचसे काम चंद्र फुकट करत होता. चेन्नईसारख्या ठिकाणी एक मीटरच्या भरतीवर हे जमले नसते. कोकणातल्या नाखव्याला जी भरती गलबत वाळूवर चढवायला उपयोगी पडे, तीच इथे दगडी बांधकामात बसवली गेली.

पुढच्या दशकांत वाडिया घराण्याने या गोद्यांमध्ये जगभर फिरलेली जहाजे बांधली. १८१३च्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२मध्ये इंग्लंड आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला. १८१७मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षे टिकलेल्या या जहाजाचे रहस्य मलबारच्या सागवानात आहे. सागाच्या गाभ्यात तेल आणि राळ असते, आणि टेक्टोक्विनोनसारखी वाळवीला नकोशी असणारी रसायने असतात. युरोपातल्या ओकमधले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. सागवानातले तेल मात्र त्यांचे रक्षण करते. सागाचा हा गुण मध्य भारताला अपरिचित नाही. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत १९८८पासून या भागातल्या वनांचा आणि साग-साल यांसारख्या वृक्षांचा अभ्यास चालतो.

जबलपूरला जोडलेले बेट

बंदराच्या सेवा कितीही उत्तम असल्या, तरी बेटाला मागे भूमी हवी. मुंबईची ही भूमी दोन घटनांनी अचानक विस्तारली. नोव्हेंबर १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपहून येणारी वाट हजारो किलोमीटरने आखूड झाली. त्यानंतर चारच महिन्यांत, मार्च १८७०मध्ये, मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जबलपूरला येऊन पोहोचला. अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा तिथे १८६७पासून होताच. मुंबई ते कोलकाता अशी सलग रेल्वे जबलपूरला जुळली. विलायतेची डाक मुंबईला उतरून याच मार्गाने कोलकात्याला जाऊ लागली, आणि मध्य भारताचा कापूस, धान्य, तेलबिया उलट दिशेने बंदराकडे.

मालाचा हा ओघ पेलण्यासाठी १८७३मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. तोवर जहाजे भर बंदरात नांगर टाकत आणि माल छोट्या पडावांतून धक्क्यावर येई. याला वेळ लागे आणि माल भिजे. १८७५मध्ये ससून गोदी आणि १८८०मध्ये प्रिन्सेस गोदी झाली. या पाणगोद्या सुक्या गोदीच्या अगदी उलट्या. भरतीला दारे उघडून जहाज आत घ्यायचे आणि ओहोटी लागण्याआधी दारे बंद करून पाणी आत कोंडायचे. बाहेर समुद्र साडेतीन मीटर खाली उतरला, तरी आत जहाज धक्क्याच्या बरोबरीने उभे. १८८८ची व्हिक्टोरिया आणि १९१४ची अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी, याच तत्त्वावर मोठी होत गेली. प्रवाशांसाठीही सोय लागली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला धक्का आज ‘भाऊचा धक्का’ म्हणूनच ओळखला जातो, आणि रेवस-मोऱ्याच्या लाँच आजही तिथूनच सुटतात.

खाऱ्या समुद्रात गोडे पाणी

लांबच्या सफरीला निघालेल्या जहाजाची पहिली मागणी असते पिण्याचे पाणी. बेटावर ते मिळते कुठून? चर्चगेटजवळ, तेव्हाच्या समुद्रकिनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, भिकाजी बेहरामजी यांनी १७२५मध्ये खोदवलेली विहीर आहे. तिचे पाणी गोड. याचे कारण पाण्याच्या वजनात आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. पाऊस वाळूत मुरतो आणि डाळीवर तूप तरंगावे तसा खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. वजनाच्या हिशेबाने, समुद्रपातळीच्या वर हा थर एक मीटर असेल, तर खाली तो चाळीस मीटरपर्यंत खोल असू शकतो. हा आदर्श हिशेब आहे. प्रत्यक्षात खडक, चिरा आणि भरती तो बिघडवतात. पण त्यातला इशारा पक्का आहे. विहिरीतली पातळी उपशाने थोडी जरी खाली गेली, तरी खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते.

मुंबईची वस्ती वाढली तशा विहिरी आणि तळी अपुरी पडली. १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी साष्टीतून बेटावर आले, मग १८७९मध्ये तुळशीचे आणि १८९२मध्ये तानशाचे. बेटाने स्वतःचे पाणी सोडून शेजारच्या भूमीचे पाणी आणले, तेव्हाच ते महानगर होऊ शकले. सर्वच बेटांना अशी शेजारची भूमी नसते.

घड्याळ, दिवा आणि पहारा

समुद्रात रेखांश ठरवायचा तर अचूक घड्याळ लागते. सूर्य डोक्यावर आल्याची स्थानिक वेळ आणि जहाजावरच्या घड्याळातली मूळ ठिकाणाची वेळ यांतला फरक म्हणजे रेखांश. चार सेकंदांची चूक विषुववृत्ताजवळ जहाजाला जवळजवळ दोन किलोमीटर चुकीच्या जागी दाखवते, आणि खडकावर आपटायला तेवढे पुरते. महिनाभर समुद्रात राहिलेले घड्याळ बंदरात तपासून घ्यावे लागे. याच गरजेतून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. ताऱ्यांचे वेध घेऊन ती वेळ ठरवी. होकायंत्राला उत्तर नेमकी किती चुकते हे कळावे म्हणून १८४०च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदीही सुरू झाल्या. जहाजांसाठी सुरू झालेल्या या कामाने विज्ञानाला अनमोल ठेवा दिला. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून आलेल्या, इतिहासातल्या सर्वांत प्रचंड गणल्या जाणाऱ्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांनी टिपली. आज उपग्रह आणि वीजजाळी अशा वादळात किती धोक्यात येतील याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ त्या नोंदीकडे वळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला हलवली गेली.

रात्री वाट दाखवायला दीपगृहे आली. १८६७मध्ये खांदेरीवर, म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये जिथे किल्ला उभारला त्या बेटावर, आणि १८७५मध्ये कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्सच्या खडकावर. पृथ्वी गोल असल्याने चाळीस मीटर उंचीवरचा दिवा समुद्राच्या पातळीवरून सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतच दिसतो, आणि जहाजाच्या उंच डेकवरून तीसहून अधिक. म्हणून दीपगृह उंच लागते. तेवढ्या अंतरावर प्रकाश विखरून जाऊ नये म्हणून फ्रेनेलची भिंगे लागतात. काचेची कडी एकात एक बसवलेली ही भिंगे चहूकडे पसरणारा उजेड एका झोतात गोळा करतात.

बंदरातून मालाबरोबर संकटही येते. सप्टेंबर १८९६मध्ये गोद्यांजवळच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने कहर केला होता. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये दाखवले. जहाजावरचा उंदीर दोराच्या आधारे धक्क्यावर उतरतो. म्हणून आजही धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल तबकड्या लावलेल्या दिसतात. उंदराला त्या ओलांडता येत नाहीत. इतका साधा उपाय, पण त्यामागे लाखो मृत्यूंतून मिळालेले ज्ञान आहे.

दुसरे संकट आगीचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत हवा अडकलेली असते. ठिणगी आत शिरली की ती तासन्‌तास धुमसते आणि वरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दुपारी लागोपाठ दोन स्फोट झाले. शिमल्याच्या भूकंपमापकावरही त्यांचा धक्का उमटला. शेकडो माणसे मरण पावली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, धोकादायक मालाचे वर्ग कोणते, हे आज आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरते. बंदरातली ही कागदी वाटणारी सेवा किती जीव वाचवते, हे मुंबईने जबर किंमत देऊन शिकवले.

आजची छोटी बेटे

मुंबई आता बेट राहिलेली नाही. पण हीच सेवांची यादी आजही एका छोट्या बेटसमूहात जशीच्या तशी उभी आहे. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि बहुतेक ठिकाणी समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच उंच. प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ, शांत लगूनमध्ये मोठे जहाज शिरू शकत नाही. कोचीहून येणारे सातशे प्रवाशांचे ‘एम. व्ही. कवरत्ती’ अनेकदा बाहेर थांबते आणि माणसे, आजारी रुग्ण, तांदळाची पोती छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जातात. पावसाळ्यात लहान गलबतांची ये-जा थांबते. मिनिकॉयचे दीपगृह १८८५पासून तेवते आहे. मुख्य भूमीशी जोडणारी समुद्रतळाची केबल जानेवारी २०२४मध्ये सुरू झाली.

पाण्याच्या प्रश्नावर इथे जे उत्तर सापडले ते बेटाच्या निसर्गातूनच आले. प्रवाळबेटाचा उतार पाण्याखाली एकदम खोल जातो. किनाऱ्याजवळच साडेतीनशे मीटर खोलीवर पाणी बारा-तेरा अंशांचे, आणि वरचे अठ्ठावीस अंशांचे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५मध्ये कवरत्तीला या फरकावर चालणारा प्रकल्प उभारला. बंद टाकीतला हवेचा दाब नेहमीच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शापर्यंत उतरवला की अठ्ठावीस अंशांचे पाणीही उकळून वाफ होते. ती वाफ खोल समुद्राच्या थंड पाण्याने गार केली की गोडे पाणी मिळते. दिवसाला एक लाख लिटर. पंप चालवायला वीज लागते, पण पाणी तापवायला इंधन जाळावे लागत नाही, आणि जमिनीखालचा गोड्या पाण्याचा नाजूक थर वाचतो. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असेच प्रकल्प झाले.

मुंबईची सुकी गोदी आणि कवरत्तीचे पाणी यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, पण विचार एकच आहे. मुंबईने भरतीची ताकद ओळखून तिच्यावर गोदी बांधली. कवरत्तीने खोल पाण्याचा गारवा ओळखून त्यावर पाण्याची सोय केली. दोन्ही ठिकाणी आधी निरीक्षण झाले, वर्षानुवर्षे, चिकाटीने, आणि मग बांधकाम.

हा क्रम उलटा झाला तर छोट्या बेटाला तो परवडत नाही. लक्षद्वीपच्या लगूनला शांत ठेवतो तो प्रवाळाचा कडा. जगभरच्या अभ्यासांच्या २०१४मधल्या एका आढाव्यानुसार प्रवाळकडे लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. म्हणजे हा कडाच या बंदरांचा लाटारोधक बांध आहे, आणि तो जिवंत असेल तोवर स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो. पण १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले आणि पुष्कळ मेले. जगातली समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे वीस सेंटिमीटर चढली, आणि तिचा वेग वाढतो आहे. ज्या जमिनीची उंचीच एक-दोन मीटर आहे, तिथे हा आकडा घराच्या उंबऱ्याचा आहे. अशा वेळी जहाज थेट आत यावे म्हणून कडा फोडून वाट रुंद करणे म्हणजे बंदरासाठी बंदराचीच भिंत पाडणे होय.

बेटावरच्या माणसांना बारमाही, सुरक्षित बंदर हवे आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. आजारी माणसाला उसळत्या लाटांवर होडीतून उचलून जहाजात चढवावे लागू नये. त्यासाठी धक्के हवेत, चांगल्या होड्या हव्यात, हवामानाचे अचूक इशारे हवेत. पण प्रत्येक बेटावर भरतीमापक, लाटांची नोंद आणि प्रवाळाची नियमित पाहणी या गोष्टी धक्क्याच्याही आधी यायला हव्यात, आणि त्यांच्यासाठी दरवर्षी, न चुकता, पैसा मिळायला हवा. अपोलो बंदरावर १८७८मध्ये कुणीतरी पाण्याची पातळी लिहायला सुरुवात केली, म्हणून आज आपल्याला समुद्र किती चढला हे सांगता येते. लक्षद्वीपच्या पुढच्या शंभर वर्षांची नोंद आजच सुरू करणे आणि त्या बेटांचा प्रवाळकडा जिवंत राखणे, या तिथल्या बंदरांच्या सर्वांत पहिल्या सेवा आहेत.